ड्रॅगनफ्लाय: चाचणीआधीच मागवलेली अकरा हजार इंजिनं

प्रकरण

पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात ब्रिटनने एबीसी मोटर्स या लहानशा कंपनीच्या 'ड्रॅगनफ्लाय' इंजिनावर हवाई दलाची पुढच्या वर्षाची बहुतेक सगळी भिस्त ठेवली. १३ कारखान्यांकडे मिळून ११ हजारांहून जास्त इंजिनांची मागणी नोंदवली गेली, तेव्हा ते इंजिन टेस्ट बेंचवर, म्हणजे जमिनीवरच्या चाचणीच्या चौकटीवर, धड चाललंही नव्हतं. १९१८ संपेपर्यंत १,१४७ इंजिनं तयार झाली. त्यांतलं एकही लढाईत उडालं नाही.

इंजिनात मोठे दोष दोनच होते आणि दोन्ही पन्नास तासांच्या चाचणीत उघडे पडले असते. म्हणून या लेखात दोषांइतकंच लक्ष निर्णयांच्या क्रमाकडे दिलं आहे: कोणती माहिती हाती असताना काय ठरलं, आणि ते ठरल्यावर मागे फिरण्याच्या कोणत्या वाटा बंद झाल्या.

पार्श्वभूमी

१३ जून १९१७ रोजी जर्मन गोथा विमानांनी भरदिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. ७ जुलैला ती पुन्हा आली. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने रॉयल फ्लाइंग कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या विमानदलाच्या, स्क्वाड्रन १०८ वरून २०० वर नेण्याचं ठरवलं. विमानाचा सांगाडा लाकूड, तारा आणि लिननचा असे. फर्निचरचे कारखाने तो बनवू शकत होते, बनवतही होते. घोडं अडलं ते इंजिनापाशी. १९१८ च्या सुरुवातीला एस.ई.५ए जातीच्या लढाऊ विमानांचे शेकडो सांगाडे नुसते इंजिनाविना गोदामात पडून होते.

हाताशी असलेल्या इंजिनांची तऱ्हा अशी. हिस्पानो-सुइझाचं २०० अश्वशक्तीचं गिअरवालं इंजिन चांगलं होतं, पण फ्रान्समधल्या एका कारखान्यातून आलेल्या इंजिनांचे गिअर नीट हार्डन केलेले नव्हते, ते तुटत. सनबीमच्या 'अरब' इंजिनाची मोठी ऑर्डर ते सिद्ध होण्याआधीच गेली होती. पुढे त्याचे सिलिंडर आणि क्रँककेस (इंजिनाचं मधलं कवच) कमकुवत निघाले. बी.एच.पी. इंजिनाचं, म्हणजे पुढे सिडली 'प्यूमा' म्हणून ओळखल्या गेलेल्या इंजिनाचं दुखणं ओतकामात होतं. १९१७ च्या जुलैत त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडर ब्लॉकपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ब्लॉक सदोष निघत होते. ३०० अश्वशक्तीची अपेक्षा असलेलं ते इंजिन शेवटी २३० वर चालवावं लागलं. ते बसवलेलं डी.एच.९ हे बॉम्बफेकी विमान ज्या डी.एच.४ ची जागा घ्यायला आलं होतं, त्याच्यापेक्षाही कामगिरीत कमी पडलं.

एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. बेंचवर सिद्ध होण्याआधी घाऊक ऑर्डर देण्याची चूक अरब आणि प्यूमा यांच्या बाबतीत आधीच झाली होती. तिचे परिणाम ड्रॅगनफ्लायचा निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर कागदोपत्री हजर होते.

समोर आलेलं इंजिन

एबीसीचे मुख्य डिझायनर ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ. त्यांनी आधी सात सिलिंडरचं 'वॉस्प' केलं आणि त्याच धर्तीवर नऊ सिलिंडरचं ड्रॅगनफ्लाय आखलं. हे रेडियल, म्हणजे मधल्या क्रँककेसभोवती सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे बसवलेले. सिलिंडर जागच्या जागी स्थिर, फिरणारा फक्त क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा. प्रत्येक सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) साडेपाच इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेसहा इंच, एकूण क्षमता २२.८ लिटर. वजन ६०० पौंड आणि ताकद ३४० अश्वशक्ती, असा ब्रॅडशॉ यांचा दावा होता.

हे आकडे त्या काळी डोळे दिपवणारे होते. एका अश्वशक्तीमागे पावणेदोन पौंडांच्या आसपास वजन, तेही पाणी, रेडिएटर, पंप, नळ्या यांपैकी काहीही नसताना. पण निर्णय घेणाऱ्यांना खरी भुरळ पडली ती बनावटीच्या सोपेपणाची. व्ही-१२ इंजिनाचा क्रँकशाफ्ट लांब, सहा थ्रोचा (थ्रो म्हणजे शाफ्टचं बाहेर आलेलं वळण). तो फोर्ज करून अचूक घासायला कसबी हात लागतात. रेडियलचा शाफ्ट आखूड, एकाच थ्रोचा. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकचं नाजूक ओतकाम नाही. सिलिंडर सगळे सारखे, पोलादी फोर्जिंगमधून लेथवर थेट काढलेले, फिन्सही (हवेत उष्णता सोडणाऱ्या पातळ कडा) त्याच धातूतून कातलेल्या. मोटारी, मोटारसायकली, ट्रक बनवणारा कुठलाही कारखाना हे काम उचलू शकत होता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या गाय मोटर्स आणि क्लायनो यांसारख्या कंपन्यांनी ते उचललंही.

फिन्सबाबत ब्रॅडशॉ यांची एक खास कल्पना होती. पोलादी फिन्सवर तांब्याचा मुलामा द्यायचा. तांबं पोलादापेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं, तेव्हा मुलामा दिलेल्या फिन्स जास्त थंड राहतील, हा हिशेब. ऐकायला पटतो. त्यात काय सुटलं होतं ते पुढे पाहू.

पर्याय

निर्णय ज्यांच्या हाती होता ते सर विल्यम वेअर हे ग्लासगोचे पंप बनवणारे कारखानदार. १९१७ मध्ये ते म्युनिशन्स (युद्धसामग्री) मंत्रालयात विमानसामग्रीच्या पुरवठ्याचे प्रमुख होते, १९१८ च्या एप्रिलमध्ये हवाईमंत्री झाले. यंत्र कळणारा आणि उत्पादन कशाला म्हणतात ते जाणणारा माणूस. त्यांच्यापुढचे मार्ग साधारण असे होते.

रोल्स-रॉइसचं 'ईगल' हे ब्रिटनमधलं सर्वांत भरवशाचं मोठं इंजिन, शेवटच्या रूपात ३६० अश्वशक्तीचं. पण ते महाग, बनवायला वेळखाऊ, आणि आपलं इंजिन दुसऱ्या कारखान्यांनी बनवायला कंपनीचा ठाम विरोध होता. शिवाय एकआसनी लढाऊ विमानासाठी पाण्यासह ते जडच.

बेंटलीचं बी.आर.२ हे रोटरी इंजिन, साधारण २३० अश्वशक्तीचं, सॉपविथ 'स्नाइप' विमानात बसणारं. चालतं, सिद्ध झालेलं. पण रोटरीत सिलिंडरच गरगरा फिरतात. ताकद वाढवायची तर फिरणारा गोळा मोठा होतो, तो हवा घुसळण्यातच बरीच ताकद खातो आणि वळताना विमानाला एका बाजूला ओढतो. हा प्रकार या आकाराच्या पुढे जाणार नाही, हे जाणकारांना दिसत होतं.

वूल्झलीचं 'व्हायपर', हिस्पानोवर आधारलेलं आणि गिअर नसलेलं, २०० अश्वशक्तीचं. भरवशाचं, पण १९१९ च्या लढाईसाठी ताकद तोकडी.

चौथा मार्ग कागदावरच्या ड्रॅगनफ्लायचा.

आणखी एक वाट होती, पण ती फारशी मोजली गेली नाही. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत प्रा. गिब्सन आणि सॅम हेरन हे दोघे हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरवर युद्धकाळातच पद्धतशीर प्रयोग करत होते. पोलादी सिलिंडरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव हेड घट्ट बसवायचं, फिन्स अ‍ॅल्युमिनियमच्याच ठेवायच्या, हा त्यांचा मार्ग. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, आणि उष्णता वाहण्याची क्षमता कितीतरी जास्त. म्हणजे त्याच वजनात जाड, खोल, भरपूर फिन्स घेता येतात. ड्रॅगनफ्लायचं हेड थंड राहील का, हे नेमकं सांगू शकणारी माणसं सरकारी पगारावरच होती.

निर्णय

वेअर यांनी ड्रॅगनफ्लाय निवडलं, आणि सावधपणे नव्हे, तर घाऊक प्रमाणात. मागणी १३ कंपन्यांना वाटली गेली. १९१९ सालच्या ब्रिटिश इंजिन-उत्पादनात ड्रॅगनफ्लायचाच वाटा सर्वांत मोठा राहील, अशी आखणी झाली.

यात खरं तर दोन निर्णय होते आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला, न चाललेल्या इंजिनाची ऑर्डर देणं. युद्धात हे समजून घेता येतं. जिग (सुटे भाग अचूक धरून ठेवणाऱ्या चौकटी), गेज (मापं तपासायची साधनं), फोर्जिंगचे साचे तयार व्हायला महिने लागतात, चाचणी पुरी होईपर्यंत थांबलं तर मोसम हातचा जातो. दुसरा निर्णय, बाकीच्यांना जागा न ठेवता सगळं एकाच इंजिनावर लावणं. पहिला धोका पत्करण्याजोगा होता. दुसऱ्याने पहिल्यातून मागे फिरायची वाटच बंद केली. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच.

विमानं आखणाऱ्यांनीही त्याच आकड्यांवर कागद रंगवले. हेन्री फॉलंड यांचं न्यूपोर्ट 'नाइटहॉक', स्नाइपमध्ये ड्रॅगनफ्लाय बसवून केलेलं सॉपविथ 'ड्रॅगन', सिडलीचं 'सिस्किन', 'बॅसिलिस्क', 'बॅजर', 'वीझल', 'ग्रेहाउंड': एका पिढीची जवळजवळ सगळी नवी विमानं एकाच इंजिनाच्या मापाने बेतली गेली. इंजिन फसलं तर ही सगळी एकदम जमिनीवर राहणार, हे तेव्हाच ठरून गेलं.

टेस्ट बेंचवर काय दिसलं

इंजिनं हातात आली तेव्हा काट्यावर वजन ६५६ पौंड भरलं आणि ताकद २९५ अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे अश्वशक्तीमागे सव्वादोन पौंड, दाव्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने वाईट. एवढंच असतं तर निभावलं असतं. २९५ अश्वशक्तीसुद्धा बी.आर.२ पेक्षा बरीच जास्त होती.

पहिला खरा दोष उष्णतेचा. इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं की सिलिंडर तापून मंद लाल दिसत, आणि पुढे बसवलेल्या लाकडी प्रोपेलरचा हब करपून काळा पडे. तांब्याचा मुलामा इथे का हरला? उष्णता फिनच्या पृष्ठभागावर जन्मत नाही. ती ज्वलनकक्षात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी जन्मते. तिथून तिला पोलादाच्या जाडीतून आणि मग पोलादी फिनच्या मुळातून पार व्हावं लागतं. मुलामा कागदाएवढा पातळ. रस्ता अरुंद आहे तो अगदी सुरुवातीला, आणि रुंदीकरण केलं शेवटच्या टोकाला. त्यातून जिथे उष्णता सर्वांत जास्त त्या हेडवरच फिन्सची जागा अपुरी होती. हेड तापलं की तेल करपतं, व्हॉल्व्ह वाकतात, मिश्रण वेळेआधी पेटतं, ताकद घसरते आणि पेट्रोलचा खप वाढतो.

दुसरा दोष दिसत नव्हता आणि तोच जीवघेणा ठरला. क्रँकशाफ्ट काही तासांतच तुटत होते.

शाफ्ट कितीही जाडजूड दिसला तरी तो थोडासा पिळला जातो आणि सुटतो, घट्ट स्प्रिंगसारखा. एका टोकाला प्रोपेलरचं जड चाक, दुसरीकडे क्रँक आणि त्याला जोडलेले रॉड-पिस्टन. या दोन वजनांमध्ये शाफ्ट स्वतःच्या ठरावीक लयीत उलटसुलट पिळत राहू शकतो. आता धक्के पाहा. चार स्ट्रोकच्या नऊ सिलिंडर इंजिनात शाफ्टच्या दर ८० अंशांना एक स्फोट होतो, म्हणजे दोन फेऱ्यांत नऊ. मिनिटाला १,६५० फेऱ्या धरल्या तर मिनिटाला ७,४२५ स्फोट, सेकंदाला साधारण १२४. या धक्क्यांत त्याच्या पटींतल्या इतरही लयी मिसळलेल्या असतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत गेलं की झोका वाढतच जातो. तसं धक्क्यांची एखादी लय शाफ्टच्या लयीशी जुळली की दर धक्क्यागणिक पीळ वाढतो. ड्रॅगनफ्लायमध्ये ती जुळणी नेमकी रोजच्या कामाच्या वेगावर येत होती.

अशा शाफ्टला आधी तेलाच्या भोकाच्या काठावर किंवा कोपऱ्याच्या गोलाईत केसाएवढी चीर जाते. ती धक्क्यागणिक पुढे सरकते, आणि पिळाने थकलेला शाफ्ट साधारण ४५ अंशांच्या तिरकस रेषेत फुटतो. पोलाद बदलून दोन-चार तास वाढतील. लय तीच राहते.

तापणं आणि पिळणं या दोन दोषांत एक मोठा फरक आहे, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरायला हवे होते. तापण्यावर ठिगळ लावता येतं: हेड बदला, पिस्टन बदला, हवेची वाट सुधारा. पिळाची लय शाफ्टच्या ताठपणावर आणि फिरत्या वजनांवर ठरते. ती हलवायची तर शाफ्ट जाड करावा लागतो. शाफ्ट जाड झाला की बेअरिंग बदलतात, बेअरिंग बदलली की मास्टर रॉड आणि क्रँककेस बदलतात. म्हणजे १३ कारखान्यांतले जिग भंगारात. दुसरा उपाय वेग उतरवण्याचा, पण वेग उतरवला की ज्या ताकदीसाठी इंजिन निवडलं तीच हातची जाते.

एक बाजूचा मुद्दा, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. हे ज्ञान ब्रिटनमध्ये नव्हतं असं नाही. सहा सिलिंडरच्या मोटारींचे लांब क्रँकशाफ्ट याच कारणाने तुटत होते, आणि फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमाराला त्यावर डॅम्परचं, म्हणजे कंपन शोषणाऱ्या जोडणीचं, पेटंटही घेतलं होतं. रेडियलचा आखूड, जाड शाफ्ट पाहून मात्र हा धोका इथे नाही असं गृहीत धरलं गेलं असावं. आखूड शाफ्टची लय उंच असते हे खरं. पण टोकाला प्रोपेलरसारखं जड चाक असलं की ती खाली येते.

पुढची पावलं

दोष समोर आल्यावर तीन गोष्टी करता आल्या असत्या: उत्पादन थांबवणं, कमी वेगावर बांधून घेणं, किंवा उत्पादन चालू ठेवून दुरुस्ती शोधणं. व्यवहारात तिसरी गोष्ट झाली. कारखान्यांतून इंजिनं निघत राहिली आणि फार्नबरोमध्ये नवी हेड आणि नवे पिस्टन आखले गेले. सुधारित 'ड्रॅगनफ्लाय १ए' पूर्वीपेक्षा बरं होतं, ताकद थोडी वाढली, तापणं कमी झालं. पिळाच्या दुखण्यावर मात्र कायमचा इलाज सापडला नाही.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं आणि ऑर्डर रद्द होऊ लागल्या. युद्ध आणखी एक उन्हाळा चाललं असतं तर १९१९ च्या वसंतात रॉयल एअर फोर्सच्या नव्या विमानांना भरवशाचं इंजिनच मिळालं नसतं.

परिणाम

सॉपविथ ड्रॅगनची सुमारे २०० विमानं बनली, पण एकाही स्क्वाड्रनमध्ये ती रुजू झाली नाहीत. नाइटहॉकचे सांगाडे उत्तम होते. नंतर त्यांतल्या काहींत जॅग्वार आणि ज्युपिटर इंजिनं बसवून ती मेसोपोटेमियात चाचणीसाठी पाठवली गेली. सिस्किनने १९१९ मध्ये ड्रॅगनफ्लायवर उड्डाण केलं आणि १९२१ मध्ये जॅग्वार बसवल्यावर खरा दम दाखवला. १९२४ पासून ते हवाई दलाच्या सेवेत आलं. विमानांत खोट नव्हती, हे त्यातून पुरेसं दिसतं.

फार्नबरोच्या त्याच प्रयोगांतून निघालेली अ‍ॅल्युमिनियम हेडची पद्धत जॅग्वारमध्ये आली. ब्रिस्टलजवळच्या फिशपाँड्सला रॉय फेडन यांनी नऊ सिलिंडरचं, २८.७ लिटरचं 'ज्युपिटर' स्वतंत्रपणे आखलं. ते १९१८ च्या ऑक्टोबरअखेर पहिल्यांदा सुरू झालं, १९२१ मध्ये हवाई मंत्रालयाच्या कठोर टाइप टेस्टमधून (नव्या इंजिनाला मान्यता देणाऱ्या चाचणीतून) पार पडलं, आणि पुढे कितीतरी देशांनी ते परवान्याने बनवलं. ड्रॅगनफ्लायचीच मांडणी, पण वेळ घेऊन केलेली.

वेगळं काय करता आलं असतं

इंजिनाची ऑर्डर लवकर द्यायची होती, हे मान्य करून पाहू. तरीही पहिली ५० इंजिनं एकाच कारखान्याकडून घेता आली असती आणि बाकी बारा जणांना फक्त सिलिंडरच्या फोर्जिंगची आणि अवजारांची तयारी करायला सांगता आलं असतं. वेळ वाया गेला नसता, जिग मात्र मोकळे राहिले असते. त्या पन्नासांतली दोन इंजिनं पूर्ण ताकदीने पन्नास तास चालवायची. शाफ्ट दहा तासांच्या आत बोलला असता.

ही चाचणी कशी घ्यायची यातही मेख आहे. टेस्ट बेंचवर इंजिनाला प्रोपेलरऐवजी वॉटर ब्रेक (पाण्याच्या रोधाने ताकद मोजणारं यंत्र) लावला तर टोकाचं फिरतं वजन बदलतं, आणि त्याबरोबर शाफ्टची लयही सरकते. बेंचवर टिकलेला शाफ्ट विमानावर तुटू शकतो, किंवा उलट. म्हणून विमानावर बसणारा प्रोपेलरच लावून, १,००० पासून वर ५० फेऱ्यांच्या टप्प्याने वेग वाढवत प्रत्येक टप्प्यावर इंजिन थांबवून ठेवायला हवं. पिळाचं कंपन इंजिनाच्या अंगावर हात ठेवून कळेलच असं नाही, कारण क्रँककेस शांत असताना आत शाफ्ट पिळत असतो. त्याच्या खुणा दुसरीकडे सापडतात: मॅग्नेटोच्या (ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या) गिअरचे दात एका बाजूने झिजलेले, प्रोपेलरच्या हबचे बोल्ट ढिले, हबच्या लाकडावर घासलेल्याचे डाग. शिवाय शाफ्टचा ताठपणा आणि दोन्ही टोकांची वजनं घेऊन त्याची लय हाताने मोजणं हे एका चांगल्या ड्राफ्ट्समनचं एक-दोन दिवसांचं काम होतं.

उष्णतेसाठी तर नऊ सिलिंडरचं इंजिनही लागत नव्हतं. एकच सिलिंडर, प्रोपेलरच्या झोतासारखी हवा देणारा पंखा, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हशेजारी तापमान मोजण्याची सोय. गिब्सन आणि हेरन नेमकं हेच करत होते. एबीसीचा एक सिलिंडर त्यांच्या बेंचवर एक आठवडा ठेवला असता तर मुलाम्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला असता.

सर्वांत मोठा बदल मात्र वाटपात हवा होता. बी.आर.२ आणि व्हायपर यांची क्षमता निम्मी तरी राखून ठेवायची, आणि नव्या विमानांपैकी निदान दोन अशी आखायची की पुढच्या फायरवॉलवर (इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या आगरोधक भिंतीवर) दुसरंही इंजिन बसेल. नाइटहॉक आणि सिस्किन यांच्यावर दुसरी इंजिनं नंतर बसलीच, म्हणजे हे जमण्यासारखं होतं.

पिळाचा धडा लगेच अंगवळणी पडला असं म्हणता येत नाही. दोन ओळींच्या, चौदा सिलिंडरच्या जॅग्वारच्या क्रँकशाफ्टला मधलं बेअरिंगच दिलेलं नव्हतं, आणि १९२० च्या दशकभर ते इंजिन कंपनांच्या तक्रारी घेऊनच चाललं.